बँकेची पाटी बदलते तेव्हा

नांदेडच्या मोंढ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत साठी ओलांडलेल्या एखाद्या आडत्याला विचारा, 'तुमचे खाते कोणत्या बँकेत?' 'हैदराबाद बँकेत' असे उत्तर अजूनही कानावर येते. ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. तिची पाटी उतरली, पासबुके बदलली, धनादेश बदलले. ज्या श्रोत्यांचे त्या बँकेत खाते होते त्यांना आठवत असेल, शाखेच्या सांकेतिक क्रमांकातील 'एसबीएचवाय' ही अक्षरे जाऊन तेथे 'एसबीआयएन' आले. पैसे होते तेथेच राहिले. एक रुपयाही कोणाचा बुडाला नाही. मग या घटनेची एवढी चर्चा कशासाठी करायची?

चर्चा करायची ती यासाठी की, अशा गोष्टी एकट्यादुकट्याने घडत नाहीत. कंपन्यांचे आणि बँकांचे विलीनीकरण लाटेसारखे येते. वर्षानुवर्षे काही घडत नाही आणि मग चार-पाच वर्षांत डझनभर जुनी नावे पुसली जातात. ही लाट व्यापाऱ्यांच्या मनात आले म्हणून उठत नाही. तिच्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, आर्थिक अडचण. दुसरी, कायद्याने मोकळी केलेली वाट. आणि तिसरी, निर्णय रेटून नेण्याची राजकीय ताकद. अडचण आहे पण वाट नाही, किंवा वाट आहे पण ताकद नाही, तर अहवाल लिहिले जातात आणि कपाटात राहतात. मराठवाड्यातील बँकांचा इतिहास हे याचे चांगले उदाहरण आहे. तो सांगण्यापूर्वी जगाकडे एक नजर टाकू.

अशी पहिली मोठी लाट अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. १८९३ साली तेथे मोठी मंदी आली. कारखानदार एकमेकांचे भाव पाडून एकमेकांचा गळा कापत होते. भाव ठरवण्यासाठी आपसांत करार करावेत, तर १८९० च्या शर्मन कायद्याने अशा करारांवर बंदी घातली होती. पण कायद्याने दोन कंपन्यांनी संगनमत करू नये असे म्हटले होते. दोन कंपन्यांची एकच कंपनी झाली तर संगनमत कोणाशी? त्यात न्यू जर्सी राज्याने एका कंपनीला दुसऱ्या कंपनीचे भाग विकत घेण्याची मुभा देऊन ठेवली होती. अडचण होती, वाट सापडली, आणि वॉशिंग्टनमधील सरकार उद्योगपतींना अनुकूल होते. १८९५ ते १९०४ या दहा वर्षांत अठराशेहून अधिक कंपन्या एकमेकींत मिसळून नाहीशा झाल्या. १९०१ साली स्थापन झालेली युनायटेड स्टेट्स स्टील ही त्यातलीच. १९०४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे कंपन्यांच्या एका एकत्रीकरणाविरुद्ध निकाल दिला आणि लाट ओसरली. एकाधिकार मोडण्यासाठी केलेल्या कायद्यानेच एकत्रीकरणाला चालना दिली, ही इतिहासाची गंमत.

आपल्याकडे १९६९ साली मक्तेदारी आणि निर्बंधकारी व्यापार प्रथा कायदा झाला. मोठ्या उद्योगसमूहाला दुसरी कंपनी ताब्यात घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. त्यामुळे वीस वर्षे खासगी क्षेत्रात विलीनीकरणे फारशी झाली नाहीत. १९९१ साली परकीय चलनाचे संकट आले, आर्थिक धोरण बदलले आणि या कायद्यातील पूर्वपरवानगीची अट काढली गेली. लगेच दोन-तीन वर्षांत टाटा ऑईल मिल्स ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९४ साली न्यायालयाने विलीनीकरण ग्राह्य ठरवले. साबणाच्या दुकानातल्या वड्यांचा मालक बदलला, त्यामागे दिल्लीत बदललेले एक कलम होते.

आता आपल्या भागाकडे येऊ. १९४८ पर्यंत नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. लातूर हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १९८२ साली उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातून वेगळा झाला. या मुलखात शेतकऱ्याला पैसा मिळायचा तो सावकाराकडून आणि व्यापाऱ्याला मिळायचा तो हुंडीवर. लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी पोहोचली आणि पेठ वाढली. पेठ वाढली तशी पैशाची उलाढाल वाढली. पण संस्थानची स्वतःची बँक यायला पुढची तीस वर्षे लागली.

१९४१ साली निजाम सरकारने कायदा करून हैदराबाद स्टेट बँक स्थापन केली आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये हैदराबादच्या गनफाउंड्री भागात तिचे कामकाज सुरू झाले. ही नुसती व्यापारी बँक नव्हती. संस्थानचे स्वतःचे नाणे होते, उस्मानिया सिक्का. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये, असा हिशेब जुन्या लोकांच्या तोंडी असे. या चलनाची आणि सरकारी कर्जाची व्यवस्था या बँकेकडे होती. इंग्रजांचे राज्य जाणार अशी चिन्हे दिसत असताना संस्थानला स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व दाखवायचे होते. नाणे, टपाल, रेल्वे आणि बँक ही त्या अस्तित्वाची लक्षणे होती. म्हणजे आपल्या भागातली पहिली सरकारी बँक जन्मली तीच राजकारणाच्या पोटी.

लोकांनाही हे पक्के ठाऊक होते. १९४७ च्या अखेरीस निजाम सरकारने हिंदी रुपयाला संस्थानात कायदेशीर चलन म्हणून मनाई केली आणि भारत सरकारशी तंटा वाढला. १९४८ च्या जानेवारीअखेर नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी याच बँकेवर छापा घातला आणि रोकड लढ्यासाठी ताब्यात घेतली. मराठवाड्याच्या आठवणीत 'उमरी बँक' म्हणून ही घटना आजही आहे. ज्या बँकेवर छापा पडला ती लोकांच्या लेखी निजामाची तिजोरी होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आले. आता प्रश्न उभा राहिला, संस्थानच्या संस्थांचे करायचे काय? रेल्वेचे उत्तर लवकर मिळाले. निजामाची रेल्वे १९५१ च्या नोव्हेंबरात मध्य रेल्वेत सामील झाली; बार्शी लाइट रेल्वे १९५४ च्या जानेवारीत सरकारने विकत घेतली. देशभरात संस्थानांच्या आणि कंपन्यांच्या लहान-मोठ्या रेल्वे एकत्र करून थोडे मोठे विभाग केले जात होते. यालाही विलीनीकरणाची लाटच म्हटले पाहिजे. फक्त ती बाजाराने आणली नव्हती, नव्या राष्ट्राने आणली होती.

बँकेचे प्रकरण मात्र सावकाश चालले. तिने १९५३ साली हैदराबादच्या मर्कंटाइल बँकेची देणी-येणी आपल्याकडे घेतली आणि रिझर्व्ह बँकेची प्रतिनिधी म्हणून सरकारी खजिन्याचे काम पाहू लागली. त्याच सुमारास ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभरातील ग्रामीण कर्जाची पाहणी केली. तिचा अहवाल १९५४ साली आला. शेतकऱ्याच्या कर्जात सावकारांचा वाटा दोनतृतीयांशांहून अधिक आणि व्यापारी बँकांचा वाटा जेमतेम एक टक्का, असे तिला आढळले. समितीने सुचवले की, इंपीरियल बँक आणि संस्थानांशी निगडित असलेल्या बँका एकत्र करून देशभर पसरलेली एक मोठी सरकारी बँक उभी करावी आणि तिने खेड्यांकडे वळावे. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याचे बंधन कायद्यानेच तिच्यावर घातले गेले.

हैदराबादच्या बँकेला १९५६ साली एक वेगळीच घाई झाली. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची भाषावार पुनर्रचना व्हायची होती. मराठवाड्याचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात आणि तेलंगण आंध्र प्रदेशात जायचे होते. हैदराबाद हे राज्यच नाहीसे होणार होते. मग त्याच्या बँकेचा मालक कोण? तीन राज्यांनी तिचे तीन तुकडे करायचे काय? पुनर्रचनेच्या दहा दिवस आधी, २२ ऑक्टोबर १९५६ रोजी, ही बँक रिझर्व्ह बँकेच्या मालकीची झाली आणि तिचे नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद असे झाले. १९५९ साली ती स्टेट बँक ऑफ इंडियाची दुय्यम बँक बनली. जयपूर, बिकानेर, इंदूर, म्हैसूर, पतियाळा, सौराष्ट्र, त्रावणकोर या जुन्या संस्थानी बँकांचेही तेच झाले. याच १९५९ साली हाली सिक्काही पूर्णपणे रद्द झाला.

हे लक्षात घेण्यासारखे आहे. राज्य तीन ठिकाणी वाटले गेले, पण बँक अखंड राहिली. पुढची साठ वर्षे नांदेडच्या शाखेतील अधिकाऱ्याची बदली करीमनगरला किंवा गुलबर्ग्याला होत राहिली. लातूरच्या गिऱ्हाइकाचे मोठे कर्जप्रकरण मंजुरीसाठी मुंबईला न जाता हैदराबादला जात राहिले. नकाशावरून पुसलेले हैदराबाद राज्य बँकेच्या फाइलीत शिल्लक राहिले.

१९६० च्या दशकात दुसरी लाट आली. तिचे कारण वेगळे होते, भीती. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली, लक्ष्मी बँकही बुडाली. ठेवीदार रांगा लावून पैसे काढू लागले. सरकारने तातडीने बँकिंग कायद्यात दुरुस्ती करून अशक्त बँकेचे सशक्त बँकेत सक्तीने विलीनीकरण करण्याचा अधिकार मिळवला. १९६२ पासून ठेवींना विमा मिळू लागला; तेव्हा त्याची मर्यादा होती १५०० रुपये. १९५१ साली देशात साडेपाचशेहून अधिक व्यापारी बँका होत्या, त्या १९६९ पर्यंत शंभरीच्या आत आल्या. लहान गावांतील घरगुती बँका गेल्या. त्यांच्याबरोबर ओळखीवर मिळणारे कर्ज गेले, हे खरे. पण ओळखीच्यांनाच मिळणारे कर्जही गेले, हेही तितकेच खरे आहे. जवळची बँक म्हणजे चांगली बँक, असे समीकरण मांडण्यात अर्थ नाही. बुडालेल्या बँकेच्या दारात उभ्या असलेल्या ठेवीदाराला बँक आपल्या गावची आहे याचे सुख वाटत नाही.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यात होती. काँग्रेस पक्षातील संघर्ष ऐन भरात होता आणि गरिबांच्या दारी बँक नेण्याची घोषणा लोकांना पटत होती. त्याच वेळी धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने प्रत्येक क्षेत्राचा वेगळा विचार करून बँकांनी काम करावे असे सुचवले. त्यातून एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर सोपवणारी अग्रणी बँक योजना आली. ही विलीनीकरणाच्या नेमकी उलटी दिशा होती. या काळात राज्यकर्त्यांना बँक मोठी व्हायला नको होती, ती पसरायला हवी होती.

कारखान्यांच्या बाबतीत मात्र याच काळात वेगळी गोष्ट घडली. नांदेडची उस्मानशाही मिल ही या शहराची ओळख होती. देशभरातील अनेक कापड गिरण्या आजारी पडल्या आणि १९७४ साली संसदेने कायदा करून १०३ गिरण्या ताब्यात घेतल्या. नांदेडची गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची एक घटक बनली. रोजगार टिकावा हा हेतू होता. पण जुनी यंत्रे बदलायची की नाही याचा निर्णय आता नांदेडच्या हातात नव्हता. शंभरावर आजारी गिरण्यांच्या रांगेत नांदेडचा क्रम केव्हा लागणार, हे दिल्ली ठरवणार होती. पुढे भोंगा बंद झाला तो झालाच. आजारी संस्था मोठ्या संस्थेत घातली म्हणजे ती बरी होते असे नाही. कधीकधी तिचे आजारपण फक्त नजरेआड होते.

१९७५ च्या आणीबाणीत वीसकलमी कार्यक्रम आला आणि त्याबरोबर ग्रामीण बँका आल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात पहिल्या पाच ग्रामीण बँका सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी बँक ऑफ महाराष्ट्रच्या पुरस्काराने मराठवाडा ग्रामीण बँक स्थापन झाली आणि तिचे मुख्य कार्यालय नांदेडला आले. मराठवाड्याच्या बँक इतिहासात ही मोठी गोष्ट होती. निर्णय घेणारे मुख्यालय या मातीत होते. भांडवल केंद्र सरकारचे पन्नास टक्के, पुरस्कर्त्या बँकेचे पस्तीस आणि राज्याचे पंधरा. कल्पना अशी की, सहकारी संस्थेची जवळीक आणि व्यापारी बँकेची शिस्त एकत्र यावी. गावाची भाषा बोलणारा, पेरणी कधी होते आणि तूर कधी हाती येते हे जाणणारा कर्मचारी असावा आणि कर्ज लहान शेतकऱ्याला, मजुराला, कारागिराला मिळावे.

ही कल्पना चांगली होती, पण हिशेबात कच्ची ठरली. सुरुवातीला कर्ज फक्त दुर्बल घटकांनाच द्यायचे होते. त्यामुळे दुष्काळ पडला की सगळीच खाती एकदम अडचणीत. खर्च कमी राहील असे गृहीत धरले होते, पण १९९० च्या लवादाने ग्रामीण बँकेच्या कर्मचाऱ्यांना व्यापारी बँकांच्या बरोबरीचे वेतन दिले. ते न्याय्य होते, पण उत्पन्नाची बाजू तीच राहिली. देशातल्या १९६ ग्रामीण बँकांपैकी अनेक तोट्यात गेल्या. ही झाली अडचण. ग्रामीण बँक कायद्यात केंद्र सरकारला दोन बँका एकत्र करण्याचा अधिकार होता. ही झाली वाट. २००५ पासून सरकारने तो वापरायला सुरुवात केली.

पहिल्यांदा एकाच पुरस्कर्त्या बँकेच्या एका राज्यातील ग्रामीण बँका एकत्र आल्या. औरंगाबाद-जालना आणि ठाणे येथील ग्रामीण बँका एक झाल्या, आणि २००९ साली त्यांच्यात मराठवाडा ग्रामीण बँक मिळून महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. नावातला 'मराठवाडा' गेला. पुढची पायरी 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' या धोरणाची. १ मे २०२५ रोजी नागपूरची विदर्भ कोकण ग्रामीण बँकही तिच्यात आली आणि महाराष्ट्रात एकच ग्रामीण बँक उरली. तिचे मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, म्हणजे मराठवाड्यातच आहे, ही समाधानाची बाब. पण आता तिला किनवटच्या कोरडवाहू शेतीबरोबर सिंधुदुर्गाच्या आंब्याचा आणि भंडाऱ्याच्या भाताचाही विचार करायचा आहे. देशभरात १९६ वरून संख्या २८ वर आली. भांडवल बळकट होईल, संगणकाचा खर्च वाटला जाईल, हे फायदे खरेच आहेत. पण ज्या जवळिकीसाठी ही बँक जन्मली, ती जवळीक एवढ्या मोठ्या अंगणात कशी टिकवायची हा प्रश्न सुटलेला नाही.

आता मोठ्या बँकांकडे वळू. १९९१ साली एम. नरसिंहम समितीने सुचवले होते की, देशात तीन-चार फार मोठ्या बँका असाव्यात, आठ-दहा राष्ट्रीय पातळीच्या असाव्यात, आणि त्याबरोबर ठराविक प्रदेशापुरत्या स्थानिक बँका व ग्रामीण बँकाही असाव्यात. याच नरसिंहम यांच्या १९९८ च्या दुसऱ्या समितीने इशारा दिला होता की, विलीनीकरण हे आजारी बँकेला वाचवण्याचे औषध समजू नका. हे दोन्ही अहवाल वर्षानुवर्षे कपाटात राहिले. अडचण होती, वाटही होती. आघाडी सरकारांच्या काळात ताकद कमी पडली. कर्मचारी संघटनांचा आणि डाव्या पक्षांचा विरोध मोडून काढण्याची कोणाची तयारी नव्हती.

खासगी बँकांना मात्र कोणी थांबवले नाही. २००६ साली साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक अडचणीत आली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबरात व्यवहारांवर निर्बंध घातले आणि महिन्याभरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. कुरुंदवाडची गणेश बँक फेडरल बँकेत गेली. १९१६ साली सुरू झालेली सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआय बँकेत गेली. दीड वर्षाच्या आत पश्चिम महाराष्ट्रातील तीन जुनी नावे संपली. कृष्णाकाठच्या या बँका गेल्या तेव्हा गोदाकाठी आपल्याला त्याचे फारसे काही वाटले नाही. आपली हैदराबाद बँक सरकारी आहे, तिला काय होणार, असा भरवसा होता.

पण लाट सरकारी बँकांपर्यंतही आली. २००८ साली सौराष्ट्र आणि २०१० साली इंदूर या दुय्यम बँका स्टेट बँकेत गेल्या. २०१४ साली केंद्रात एका पक्षाचे स्पष्ट बहुमत आले. २०१५ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांच्या कर्जखात्यांची कसून तपासणी सुरू केली आणि लपलेली थकबाकी उघडी पडली. ही थकबाकी प्रामुख्याने बड्या उद्योगांची, पोलाद, वीज, रस्ते यांची होती. मोंढ्यातल्या आडत्याची किंवा पीककर्जवाल्याची नव्हती. अडचण आली, ताकद आली, आणि वाट तर १९५५ च्या स्टेट बँक कायद्यात आधीपासूनच होती. हैदराबाद बँकेची सगळी मालकी स्टेट बँकेकडेच असल्याने बाहेरच्या भागधारकांना विचारण्याचाही प्रश्न नव्हता. १ एप्रिल २०१७ रोजी पाच दुय्यम बँका आणि २०१३ साली सुरू झालेली भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या. स्टेट बँक जगातल्या पहिल्या पन्नास बँकांत गेली. त्यानंतर २०१९ साली देना आणि विजया बँका बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० रोजी दहा बँकांच्या चार झाल्या. २०१७ च्या सुरुवातीला सत्तावीस असलेल्या सरकारी बँका आज बारा आहेत.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर १९५६ साली जे राज्याचे झाले, ते एकसष्ट वर्षांनी बँकेचे झाले. हैदराबादशी असलेला धागा तुटला आणि मुंबईशी जोडला गेला. भावनेच्या अंगाने पाहिले तर यात रडण्यासारखे काही नाही. निजामाच्या तिजोरीतून निघालेली बँक भारताच्या सर्वांत मोठ्या बँकेत गेली, हा विलीनीकरणाचा शेवटचा अध्याय म्हणता येईल. फोनवरून पैसे पाठवणाऱ्या आजच्या पिढीला मुख्यालय कुठे आहे याने काय फरक पडतो?

पैसे ठेवण्यात आणि पाठवण्यात फरक पडत नाही. फरक पडतो कर्ज मागताना. हैदराबाद बँकेत मराठवाडा हा तीन खणांच्या घरातला एक खण होता. त्याच्याकडे दुर्लक्ष केले तर घराचेच नुकसान होते. स्टेट बँकेत तो देशभर पसरलेल्या वाड्यातला एक कोपरा आहे. शाखाधिकाऱ्याला किती रकमेपर्यंतचे कर्ज स्वतः मंजूर करता येते, त्यापुढची फाइल कोणत्या शहरात जाते, आणि तेथील माणसाला सोयाबीन आणि ऊस यांतला पाण्याचा फरक कळतो की नाही, यावर गावातला एखादा जोडधंदा उभा राहतो किंवा राहत नाही. बड्या उद्योगांनी बुडवलेल्या पैशांमुळे बँका सावध होतात; पण त्या सावधपणाची झळ लहान कर्जदारालाही लागते. कागद वाढतात, फेऱ्या वाढतात. जूनमध्ये पेरणी तोंडावर आलेली असते आणि पीककर्ज मिळत नाही म्हणून शेतकरी पुन्हा त्याच दारी जातो, ज्या दारातून त्याला सोडवण्यासाठी १९५४ साली गोरवाला समितीने एवढा मोठा अहवाल लिहिला होता.

म्हणून विलीनीकरण चांगले की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारण्यात हशील नाही. १९६० साली ते ठेवीदाराचे रक्षण होते. १९५६ साली ते बँकेचे तुकडे होण्यापासून रक्षण होते. २०१७ साली ते बड्या थकबाकीने वाकलेल्या बँकांना उभे करण्याचा प्रयत्न होता. प्रत्येक वेळी राज्यकर्त्यांपुढचा प्रश्न वेगळा होता आणि उत्तर मात्र एकाच शब्दात दिले गेले. त्या शब्दामागचा प्रश्न कोणता, हे आपण विचारले पाहिजे. तो प्रश्न आपला होता का, हेही विचारले पाहिजे.

विचारण्याची सोयही आहे. गाडगीळांच्या कल्पनेतून आलेली अग्रणी बँक योजना अजून चालू आहे. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याचा पतपुरवठा आराखडा तयार होतो. जिल्ह्यात ठेवी किती जमल्या आणि त्यातून जिल्ह्यात कर्ज किती दिले गेले, याचा हिशेब त्याच्या बैठकांत मांडला जातो. ठेवी शंभर रुपयांच्या आणि कर्ज पन्नासाचे, असे जेथे असेल तेथे उरलेले पन्नास रुपये दुसऱ्या कोणत्या तरी शहराच्या विकासाला लागलेले असतात. व्यापारी संघ, शेतकरी संघटना, महाविद्यालयातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक यांनी हे आकडे दरवर्षी मागावेत, वाचावेत आणि त्यावर बोलावे. बँकेची पाटी कोणाच्या नावाची असावी हे नांदेड-लातूरच्या हाती कधीच नव्हते आणि पुढेही नसेल. आपल्या ठेवींतले किती रुपये आपल्या शिवारात परत येतात, हे विचारणे मात्र आपल्या हाती आहे.